थांबवलेलं चित्र

वर्गातल्या पडद्यावरचं चित्र मधेच थांबवता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. प्रोजेक्टर आला, टॅब आले, स्पीकर आले. पण या सगळ्यांत मला मोलाचं वाटतं ते थांबवण्याचं बटण.

कारण कितीतरी वर्षं ते शिक्षकाच्या हातात नव्हतंच. 1975 च्या ऑगस्टपासून वर्षभर देशात ‘साइट’ हा उपग्रहावरून टीव्ही कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग चालला. अमेरिकेकडून उसना घेतलेला एटीएस-6 उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली आणि दूरदर्शनवर मराठी मुलांना मराठीतून धडे दिसू लागले. मी त्याच पिढीतली. आमच्या शाळेचा टीव्ही लाकडी कपाटात कुलूपबंद असे. कपाट उघडलं की आम्ही सतरंजीवरून सरकत सरकत पुढे जायचो. ते कार्यक्रम जीव ओतून केलेले होते. 2017 मध्ये ती संस्था बंद झाली तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. पण त्या चित्राला आमच्यासाठी थांबता येत नव्हतं. एखाद्या गोष्टीपाशी आमचं मन अडायचं, आणि चित्र पुढे निघून गेलेलं असायचं. इकडे कुणी हात वर केलाय, हे पुण्याला कळणार कसं?

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रोजेक्टर लोकवर्गणीतून आला. उन्हाळ्यात वीज जाते, पावसाळ्यात रेंज जाते, म्हणून व्हिडिओ मी घरूनच मोबाईलमध्ये उतरवून आणते. त्या दिवशी घेवड्याचं बी रुजतानाचा व्हिडिओ लावला होता. बी फुगलं, टरफल फाटलं, पांढरं मूळ बाहेर डोकावलं आणि वळून थेट खाली गेलं. पुढे कोंब, दोन पानं, सगळं मिनिटभरात. मुलं खूश झाली, “परत लावा” म्हणाली. परत लावला, आणि मूळ वळतं तिथं थांबवला.

वर्ग गप्प झाला. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, बी तर आडवं पडलंय. मग खाली कुठंय, हे त्याला कसं कळलं?”

शेतकऱ्यांचीच मुलं ही. पेरणी त्यांनी पाहिलेली, घरी मोड आलेली मटकी खाल्लेली. तरी हा प्रश्न शेतात पडला नव्हता, कारण तिथं मूळ मातीआड असतं. तो पडद्यानं दाखवला, हे पडद्याचं ऋण मी मानते. पण चित्र तसंच पुढे पळत राहिलं असतं, तर तो प्रश्न तिच्या ओठांवर येण्याआधीच पानं फुटून गेली असती.

उत्तर मी लगेच दिलं नाही. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद गुंडाळून बसवला आणि कागद व काच यांच्यामध्ये घेवड्याच्या बिया अडकवल्या. मुळं खाली उतरल्यावर ग्लास आडवा केला. दुसऱ्या दिवशी मुलं प्रार्थनेआधीच खिडकीशी गोळा झालेली. मुळांची टोकं पुन्हा खाली वळली होती. मग सांगितलं: मुळाच्या टोकाला मूलटोपी असते, तिच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की ते कण नव्या तळाशी जाऊन बसतात आणि दिशा कळते. मुळाच्या खालच्या बाजूची वाढ मंदावते, वरची चालू राहते, म्हणून मूळ वळतं. त्या मुलीनं आपलं बोट आडवं धरलं, हळूहळू खाली वाकवलं आणि बोटाची वरची बाजू ताणली जाते का, ते पाहत राहिली.

त्या ग्लासानं आणखी एक गोष्ट उघडी केली. “व्हिडिओत तर पटकन आलं होतं,” असं एक मुलगा रोज कुरकुरायचा. पडदा दूरचं जवळ आणतो, बारीक मोठं करतो. पण हे करताना वाट पाहण्याचे दिवस मधून काढून टाकतो. बी रुजायला लागणारे दिवस मुलाच्या वाट्याला यायलाच हवेत, असं मला ठामपणे वाटतं. पडद्यानं काढून घेतलेला वेळ मुलांना परत देणं, हे आता शिक्षकाचं काम झालं आहे. ते कुठलंही यंत्र आपणहून करणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत फोनवर धड्याचे व्हिडिओ उघडणारे क्यूआर कोड आणले. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं, तेव्हा बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. त्या कोडाचं मला विशेष वाटतं ते हे की, त्यामुळे थांबवण्याचं बटण मुलाच्याच हाती गेलं. घरी बसून हवं तिथं थांबावं, हवं तितकं परत पाहावं. मात्र आमच्याकडे अनेक घरांत फोन एकच, आणि तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून मी शाळा सुटल्यावर थोडा वेळ थांबते. ज्याला जे पाहायचं त्यानं माझ्या फोनवर पाहावं, बटण त्याच्याच अंगठ्याखाली.

त्यातूनच कुरकुरणाऱ्या त्या मुलानं टूम काढली की आपणच व्हिडिओ करू. खिडकीत नवा ग्लास ठेवला. फोन दरवेळी त्याच जागी यावा म्हणून खडूनं खूण केली आणि तासातासाला पाळीपाळीनं एकेकानं फोटो काढला. फोटो जोडल्यावर बी खरोखर रुजताना दिसलं. फक्त रोज सकाळी मूळ एकदम उडी मारून पुढे गेलेलं. रात्री शाळेत फोटो काढायला कोण असणार? उडी तशीच ठेवायची की दिवसाचेही काही फोटो गाळून सगळं एकसारखं करायचं, यावर वर्गात जोरदार भांडण झालं. शेवटी ठरलं की एकही फोटो गाळायचा नाही. जिथं उडी आहे तिथं फळ्याचा फोटो लावायचा आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘रात्र’ असं लिहायचं. आता ते कुणाच्या अक्षरात लिहायचं, याचा वाद चालू आहे.