सैल केलेलं झाकण

चिकुनगुन्याचा ताप उतरला, तरी सांधे कधी कधी महिनोन्महिने धरून राहतात. ऑफिसात मात्र ताप गेला की माणूस बरा झाला, असंच धरतात. माझ्या चिकुनगुन्यानंतर शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण रोज न विचारता सैल करून ठेवायच्या. त्या बदलापूरहून लोकलने उभ्याने येतात. त्यांचे गुडघे कसे आहेत, कोण जाणे. रजेचं म्हणाल, तर 2017च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा 26 आठवड्यांची केली. ती हवीच होती. पण रजेवरून परतलेल्या माणसाकडे नीट बघणं कुठल्या कलमात बसवणार? तुमच्या शेजारी कोणी आजारातून उठून आलं असेल, तर त्याला आज काय जमत नाहीये, एवढं बघा.