दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट

प्रॅक्टिकलच्या टेबलावर बाकी सगळ्या बाटल्या हाताशी असत. सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली मात्र सरांच्या ताब्यात. महाग ना! आपण परीक्षानळी पुढे करायची, सर ड्रॉपरने दोन थेंब सोडणार. सॉल्टमध्ये क्लोराइड असेल तर दह्यासारखा पांढरा साका, अमोनियात विरघळणारा. ब्रोमाइडचा फिकट पिवळा, जेमतेम विरघळणारा. आयोडाइडचा पिवळाजर्द, अमोनियाला अजिबात न बधणारा. त्याआधी विरल नायट्रिक आम्ल घालायचं, नाहीतर कार्बोनेटही साका देऊन फसवतं.

एकदा कुणीतरी गंमत म्हणून नुसतं नळाचं पाणी पुढे केलं. तेही गढुळलं! मीठ कुठे नसतं? नळात, घामात, नीट न धुतलेल्या काचेत. म्हणून डिस्टिल्ड वॉटरवर तीच चाचणी आधी करून पाहायची, ती ‘ब्लँक’. तक्ता घोकणाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे. मला मात्र अख्ख्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये एवढीच गोष्ट शहाणपणाची वाटली.

पुढे पहिल्या मतदानाला डाव्या तर्जनीवर शाई लागली. १९६२च्या निवडणुकीपासून म्हैसूरहून येणारी तीच शाई. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवरच्या मिठाशी संयोग पावतं आणि उजेडात काळवंडतं. इथे अनोळखी नमुना मीच होतो.

नोकरीत खाडीकाठच्या विहिरींचं पाणी तपासायला लागलो, तेव्हा दोन थेंबांची जागा ब्युरेटने घेतली. रसायनशास्त्रज्ञ मोर यांची १८५६ची पद्धत: पाण्यात पिवळं पोटॅशियम क्रोमेट टाकायचं आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत राहायचं. चांदी आधी क्लोराइडला धरते. ते संपलं की पुढचा थेंब क्रोमेटला भिडतो आणि विटकरी छटा उमटते. तिथे थांबायचं. हात आवरता आला पाहिजे, एरवी हे काम कंटाळवाणंच.

पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर १०००पर्यंत. जिभेला खारटपणा जाणवू लागतो तोही साधारण दोनशे-तीनशेच्या आसपासच. मालवणकडच्या एका आजींच्या विहिरीचा आकडा चारशेच्या वर गेला. मी तो गंभीर चेहऱ्याने सांगितला.

“पाणी खारा झाला ता माका म्हायत आसा,” आजी म्हणाल्या. “त्याका नळी कित्याक व्हयी? गोडा कसा करूचा, ता सांग.”