जरा वाट वाकडी करा!

सकाळचे सव्वासहा. आदल्या रात्रीचा क्लायंट कॉल साडेअकराला संपलेला, डोळे अजून अर्धे मिटलेले, आणि मी वेताळ टेकडीवर! मित्र हसतात. 'जिमचे पैसे भरलेस ना? मग?' आता त्यांना काय सांगणार? जिममध्ये ट्रेडमिल असते, मोर नसतो.

पुण्यात नव्यानं आलेल्यांसाठी थोडी माहिती. वेताळ टेकडी ही शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. लॉ कॉलेज रोड, कोथरूड, गोखलेनगर, पाषाणकडची पंचवटी... कुठूनही चढा. वर वेताळबाबाचं देऊळ आहे, दगडाची जुनी बंद खाण आहे. हवा स्वच्छ असेल तर एकीकडे सिंहगड दिसतो, दुसरीकडे पाषाण तलाव. उन्हाळ्याच्या तोंडाशी गणेरीच्या झाडावर एकही पान नसतं, नुसती पिवळीधमक फुलं. आणि एन्ट्री फी? शून्य!

साहजिकच टेकडीवर आपला फार जीव. एप्रिल २०२३ मध्ये बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे प्रस्तावित बोगदे यांच्याविरुद्ध पुणेकरांचा मोर्चा निघाला, त्यात मीही होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. फोटो टाकले, भरपूर लाइक्स मिळाले. एकदम भारी वाटलं.

तीन महिन्यांनी, भर जुलैत, माझी विकेट पडली.

सोमवार होता. नऊची मीटिंग, त्यामुळे उतरताना घाई. मुख्य वाट आरामात वळणं घेत खाली येते. मी नेहमीसारखा शॉर्टकट पकडला आणि सरळ खाली धावत सुटलो. मागून आवाज आला, 'अहो मॅरेथॉन! वाट तिकडं आहे.'

सत्तरीचे एक काका. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या.

'काका, दोन मिनिटं वाचतात हो.'

'तुमची वाचतात. माती जाते ती टेकडीची.' मग त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. 'ही घळ कुणी पाडली असं वाटतं तुम्हाला? पावसानं?'

मी खाली बघितलं. गुडघाभर खोल चर. तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा मी तिथूनच उतरत होतो, पण कधी नीट पाहिलंच नव्हतं.

काकांनी मग तिथेच उभं राहून शाळा घेतली. टेकडीचा कातळ काळा, त्यावर मुरूम-मातीचा पातळ थर. तो थर धरून ठेवतात गवताची मुळं. आपण रोज एकाच जागी पाय दिला की गवत मरतं, माती दबते, पाणी मुरायचं थांबतं. सरळ उतारावर पाण्याला वेग येतो आणि ते माती घेऊनच खाली जातं. चर खोल झाला की लोक शेजारून चालायला लागतात आणि तिथेही तेच सुरू होतं. वळणाची वाट पाण्याचा हा वेग तोडते. म्हणून ती वाकडी!

मीटिंगला उशीर झालाच. डोक्यात मात्र एकच गोष्ट टोचत होती. टेकडीवरून रस्ता नको म्हणून मी ओरडलो होतो, आणि माझा स्वतःचा छोटा रस्ता रोज काढत होतो.

पुढच्या रविवारी काकांच्या ग्रुपबरोबर गेलो. टेकडीचा बराच भाग वनखात्याकडे आहे, त्यामुळे मनाला येईल तिथं कुदळ चालवायची नाही, विचारून करायचं. काम साधं, पण कंबरडं मोडणारं. वाटेवर दगडांची तिरकी ओळ रुतवायची, म्हणजे पाणी बाजूच्या गवतात वळतं. शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकायच्या. मी उत्साहानं जमिनीत रुतलेला एक दगड उपटला, तर खाली विंचू! 'ठेवा परत. घर आहे ते त्याचं,' काका म्हणाले. सुटे दगडच घ्यायचे, हा त्या दिवशीचा धडा.

आमच्या चार ओळींपैकी एक ओळ पुढच्याच मोठ्या पावसात वाहून गेली. ती तिरकी नव्हती, आडवी लावली होती. कुणी लावली ते विचारू नका. आम्ही ती पुन्हा लावली. आता त्या शॉर्टकटच्या तोंडाशी विरळ का होईना, गवत आलंय. चर मात्र अजून तसाच आहे. जे पाडायला तीन वर्षं लागली, ते एका रविवारी कसं भरून येणार?

तर मंडळी, या वीकेंडला टेकडीवर जरूर या. वाटेत चिखल लागला तर कडेनं जाऊ नका, मधूनच चला. बूट धुता येतात, पण कडेचं गवत मेलं की वाट रुंदच होत जाते. उन्हाळ्यात बाटलीतलं अर्धं पाणी एखाद्या रोपाला द्या. वाळलेल्या गवतात सिगारेट तर चुकूनही नको.

आणि नऊची मीटिंग? मी हल्ली दहा मिनिटं आधी उठतो. उतरताना वळणावर काका भेटतात, एक बाटली माझ्या हातात देतात. वाट थोडी वाकडी पडते. पडू दे की!