सहा बाइटांत धुळे

रावेर-यावलच्या केळीचा हिशेब पायथनमध्ये आणि वजनकाट्याशी बोलणारी लायब्ररी मात्र सीमध्ये कम्पाइल झालेली, अशी जोडणी ज्यांनी केली त्यांना 'सेगमेंटेशन फॉल्ट' नवा नाही. या कामात राहून माझं मत पक्कं झालंय: प्रोग्रॅम कोसळला की आधी लायब्ररीवर संशय घेऊ नये, आपण पायथनला त्या फंक्शनची जी ओळख करून दिली ती तपासावी. पायथनची सीटाइप्स लायब्ररी ती ओळख पडताळत नाही, हेडर फाइल तर वाचतच नाही. रेस्टाइप, म्हणजे परतीचा प्रकार, दिला नाही तर फंक्शन इंट परत करतं असं धरून चालते. ६४-बिट यंत्रावर पत्ता ८ बाइटांचा, इंट ४ चा. अर्धा पत्ता गळतो. गंमत म्हणजे पत्त्याचा आकडा लहान असला तर तोच कोड सुरळीत चालतोही.

'चाचणीत तर चाललं होतं,' हे यावरचं हमखास उत्तर. चाचणी कशाची, ते बघा. गावाच्या नावाला ६ बाइटांचा बफर दिला आणि नाव रोमन लिपीत लिहिलं, तर धुळ्याची पाच अक्षरं नि शेवटचा शून्य बाइट नेमके बसतात. देवनागरीत ध, उकार, ळ, मात्रा अशी चार चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १२, शून्य धरून १३. जळगावला १६ लागतात. सीमधली स्ट्रकॉपी जागा मोजत नाही; धुळ्याचे उरलेले ७ बाइट शेजारच्या मेमरीवर लिहून मोकळी होते. प्रोग्रॅम बहुधा तिथे पडत नाही. पडतो पुढे कुठेतरी, मेमरी परत करताना, आणि बोल लागतो त्या निरपराध ओळीला. पायथनचा फॉल्टहँडलर चालू ठेवला तरी तो कोसळल्याची जागा सांगतो, बिघाडाची नव्हे.

सीटाइप्सऐवजी सीएफएफआय वापरा, असंही सुचवतात. हे निम्मं खरं. त्याच्या एपीआय पद्धतीत सी कम्पायलर घोषणा तपासतो, पण त्यासाठी कम्पायलर आणि हेडर हाताशी हवेत. एबीआय पद्धतीत पुन्हा आपल्याच शब्दावर भरवसा. आणि लायब्ररीच्या माहितीपत्रकात नुसतं 'लाँग' छापलेलं असलं, तर तो विंडोजवर ४ बाइटांचा, ६४-बिट लिनक्सवर ८ चा. (विंडोजने एरर १९३ दाखवली तर मात्र एवढं खोदू नका, बहुतेकदा ३२-बिट डीएलएल ६४-बिट पायथनमध्ये चढवायचा प्रयत्न झालेला असतो.) बाकी वेळी आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटचे प्रकार), रेस्टाइप आणि बफरची बाइटांतली लांबी हेडरशेजारी ठेवून वाचल्याशिवाय मी जीडीबी डीबगर उघडत नाही.