मोहोपाड्याचें धुकें

माझा पुतण्या अमेरिकेंत बोस्टन येथें असतो. हिंवाळ्यांत त्याचा दूरध्वनि आला कीं एकच रडगाणें ऐकावयाचें: रात्रीं बर्फ पडलें, सकाळीं मोटार उकरून काढली, कांचेवरील थर खरवडला, तेव्हां कोठें कचेरीस निघालों. तेथें रस्त्यांवर मीठ पसरतात. मिठामुळें पाणी लवकर गोठत नाहीं. हें ऐकून आमच्या घरांतील मंडळी हळहळतात. मला मात्र वाटतें, बर्फ निदान फावड्यानें उचलतां येतें. मोहोपाड्याच्या धुक्यास कोणतें फावडें लावावें? अमरसिंहानें आपल्या कोशांत अवश्याय, नीहार, तुषार, प्रालेय अशा नांवांनीं दंव, धुकें व बर्फ एकाच पंक्तीस बसविलीं आहेत. पण त्याला पहाटे मोटार हांकावयाची नव्हती!

मार्गशीर्ष-पौषांत आमच्याकडे हें धुकें उतरतें. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन लवकर निवते. तिला टेकलेली हवा गार व जड होऊन सखल भागांत सांचते आणि तींतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. त्यांत आमची पाताळगंगा हिंवाळ्यांतहि वाहती. खोपोलीस १९१५ सालीं सुरू झालेल्या टाटांच्या वीजघरांतून, वीज देऊन मोकळें झालेलें लोणावळ्याकडील तलावांचें पाणी हिच्या पात्रांत येतें. मुंबईस उजेड देणारें पाणी आम्हांस मात्र अंधारांत ठेवतें, असें मी थट्टेनें म्हणतों.

गेल्या पौषांत थोरल्या वहिनींच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढावयाचा होता. पनवेलीस सातच्या आंत पोहोंचावयाचें, म्हणून पहाटे साडेपांचास निघालों. चिरंजीव गाडी हांकीत होते. दांड फाट्याच्या वाटेला लागतों न लागतों तोंच पुढें पांढरी भिंत उभी राहिली. चिरंजीवांनीं दिवे मोठे केले, तर भिंत अधिकच झळाळली! थेंबांवरून परतलेला उजेड आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून धुक्यांत दिवे खालीं झुकलेलेच बरे. आंतून कांचेवर वाफ धरली होती, ती मीं उपरण्यानें पुसली आणि बाजूची कांच खालीं करवून रस्त्याची कड सांगूं लागलों. चिरंजीवांस तें आवडलें नाहीं. “अण्णा, थंडी आंत येते,” असें ते दोनदां म्हणाले.

मागून वहिनी म्हणाल्या, “भावोजी, आज तुम्हां सर्वांनाच मोतीबिंदु झाला म्हणायचा!”

आम्हीं हंसलों, आणि त्याच क्षणीं अगदीं जवळून कोणी तरी खोकलें. चिरंजीवांनीं गाडी दाबून धरली. पुढें चार हातांवर पेंढ्यानें भरलेली ट्रॅक्टरची गाडी रस्त्यांतच उभी! मागें दिवा नाहीं, तांबडी पट्टी नाहीं. पेंढ्याच्या आडोशास घोंगडें पांघरून बसलेला गडी खोकला नसता, तर आमचें काय झालें असतें हें सांगावयास नको. त्या बिचाऱ्यास रागें भरण्याचेंहि भान आम्हांस राहिलें नाहीं. पुढच्या वाटेवर थंडीची तक्रार कोणींच केली नाहीं.

पनवेलीस पाऊण तास उशीर झाला; डॉक्टरांनीं वहिनींस शेवटीं घेतलें. दुपारीं परततांना स्वच्छ ऊन पडलें होतें आणि कर्नाळ्याचा सुळका इतका स्पष्ट दिसत होता कीं पहाटेची गोष्ट कोणास खरी वाटली नसती. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं उजेड पडतांच चकाकणारी तांबडी पट्टी आणली आणि आळींतील दोन ट्रॅक्टरवाल्यांस दिली. एकानें ती लगेच चिकटविली. दुसऱ्याची अजून ओसरीच्या कोनाड्यांत आहे; मी येतां-जातां विचारतों.