चाळिशीनंतरच्या तारा

खांदेश्वरात दातांच्या डॉक्टरांना तोटा नाही. कामोठ्यात एमजीएमचं दंत महाविद्यालय, खारघरला येरळा, बेलापूरला भारती विद्यापीठ, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा. हार्बरच्या गाडीत पांढरे कोट हातावर टाकलेली मुलंमुली दिसतातच. तरी चाळिशी उलटलेल्या बाईनं वाकडे दात सरळ करायचा विषय काढला, की पहिला सल्ला मिळतो तो तलावाच्या काठावर. महादेवाला नमस्कार करून फेरी सुरू झाली, की शेजारच्या वहिनी म्हणणार, "आता कोण बघतंय तुला?" आणि मागून काकू, "हाडं पक्की झाली गं. आता काय हलतात!"

वहिनींना उत्तर सोपं होतं. मी बघते. आरशात एवढं नाही, पण दुसऱ्यांच्या लग्नांतल्या फोटोंत बघते: सगळे खळखळून हसताहेत आणि एक बाई ओठ मिटून, कुणावर रुसल्यासारखी उभी आहे. ती रुसलेली नाही, हो. दातावर दात म्हणजे नशीबवान, असं माझी आजी म्हणायची. जपानात तर अशा पुढे आलेल्या सुळ्यांना याएबा म्हणतात, आणि मध्यंतरी तिथल्या काही तरुणी पैसे मोजून तसे दात करून घेत होत्या. माझ्या सुळ्याचं कौतुक मात्र आजीपाशीच संपलं.

काकूंचं म्हणणं खोडलं ते माझ्या निम्म्या वयाच्या डॉक्टरणीनं. दात काही भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात रुतलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचं अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटरचं. तारेचा हलका पण सततचा दाब आला, की दात ज्या बाजूला सरकायचा तिकडचं हाड काही पेशी विरघळवतात, आणि मागे सुटलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड रचतात. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. हे काम पन्नाशीतही चालतं. मला ऐकताना भरून आलं, खोटं कशाला सांगू. आवडीनिवडी ठरल्या, मतं थिजली, भांडणंसुद्धा ठरलेल्या माणसांशीच होतात. आणि जबडा मात्र अजून तडजोडीला तयार!

वय आडवं येतं ते दुसरीकडून. वाढ थांबलेली असल्यानं जबड्याला लहानपणीसारखं वळण लावता येत नाही. दोष जबड्याचाच असेल, तर कधी शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते. दाटी फार असेल, तर जागेसाठी चांगली उपदाढ काढावी लागते. आणि हिरड्या. वाकड्या दातांकडे वळण्याआधी डॉक्टरणीनं खुणा असलेली बारीक सळई हिरडीत सरकवून खोली मोजली. मशेरी लावता का, साखरेचा त्रास आहे का, विचारलं. सुजलेल्या हिरडीत दात सरकवले, तर उरलंसुरलं हाडही जातं. मग दोन्ही जबड्यांचा एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूनं दुसरा, दातांचे साचे. आणि हे सगळं लिहून घेताना एक प्रश्न: "काकू, तुम्हाला नेमकं काय खटकतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. वहिनींनी नाही, काकूंनी नाही. मी जरा अडखळत म्हटलं, "हसताना हात तोंडावर जातो." तिनं तेच कागदावर उतरवलं.

म्हणून सांगते, विचारायचंच असेल, तर बीडीएसनंतर तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, एमडीएस केलेल्याला विचारा. महाविद्यालयात खर्च सहसा कमी येतो, खेपा जास्त पडतात. एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता घरपोच पारदर्शक अलाइनर देतो म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. दीड-दोन वर्षं लागतील, दर महिन्याला तार आवळली की दोन दिवस भाकरी चावणार नाही. आणि तारा निघाल्या की सुटलो, असं समजू नका. दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यांना जागेवर धरून ठेवणारा रात्रीचा रिटेनर कायमचाच धरून चला.