हात शेवटी येतो

शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉलचा संघ निवडायला घेतला की कॅचरची निवड बहुधा एकाच कसोटीवर होते: कुणाचा थ्रो सर्वांत लांब जातो. मुलींना फक्कीच्या रेषेवर उभं करायचं, प्रत्येकीने जमेल तितक्या जोरात चेंडू फेकायचा, आणि जिचा सर्वांत पुढे पडला तिच्या हातात मिट द्यायचं. ही रीत आपल्याकडे क्रिकेटमधून आली असावी. सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर चेंडू आला की ‘हात चांगला आहे’ म्हणून आपण माना डोलावतो, आणि तेच माप सगळीकडे लावतो. आउटफील्डसाठी ते मला मान्य आहे. कॅचरसाठी मात्र ही कसोटी चुकीची वाटते, कारण कॅचरच्या थ्रोत हाताचं काम सर्वांत शेवटी येतं. स्टील करणारी, म्हणजे पिच होताच पुढचा बेस चोरायला धावणारी रनर आऊट होणार की सेफ, हे तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं. हे मत टेप आणि स्टॉपवॉच घेऊन तपासता येतं, म्हणून आधी आकडेच मांडतो.

सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतचा कर्ण त्यामुळे 84 फूट 10 इंच, साधारण 25.86 मीटर भरतो. बेसबॉलमध्ये हाच कर्ण जवळजवळ 38.8 मीटर असतो. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. बेसबॉलचा रनर आधीच चार पावलं पुढे येऊन उभा राहू शकतो. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. त्यामुळे हिशोब बराच बांधलेला आहे. समजा, शाळेतली चपळ मुलगी फर्स्टवरून सेकंडला स्लाइडसकट 2.9 सेकंदांत पोचते. ताशी 80 किलोमीटर वेगाचा पिच प्लेटपर्यंत यायला साधारण 0.55 सेकंद घेतो. शेवटी टॅग लावायला पाव सेकंद धरा. कॅचरला उरतात 2.1 सेकंद. तिचा थ्रो ताशी 80 किलोमीटरचा असेल तर, हवेचा अडथळा सोडला तरी, चेंडू सेकंडला पोचायला 1.16 सेकंद जातात. मिटमध्ये चेंडू आल्यापासून हातातून सुटेपर्यंत तिने पूर्ण एक सेकंद घेतला तर बेरीज 2.16, आणि रनर सेफ. आता हाताचा वेग दहा टक्क्यांनी वाढवून 88 करा. सुमारे दशांश सेकंद वाचतो आणि रनर जेमतेम आऊट होते. पण वेग 80च ठेवून पकडण्या-सोडण्यातला वेळ एक सेकंदावरून 0.85वर आणला, तर त्याहून जास्त वाचतं. दशांश सेकंद म्हणजे बेसजवळ पोचणाऱ्या रनरचे साठ-सत्तर सेंटीमीटर, स्लाइडमध्ये पसरलेल्या पायाएवढं अंतर. वाढत्या वयाच्या मुलीच्या हाताचा वेग दहा टक्के वाढायला हंगाम जातो, कधी दोन जातात. दीड दशांश सेकंदाची अदलाबदल काही आठवड्यांच्या सरावाने सुधारते, आणि त्यात खांदाही दुखावत नाही.

हा वेळ कुठे सांडतो ते पाहायचं तर होम प्लेटच्या मागची माती वाचायला शिकावं. आपल्याकडची मैदानं मुरमाची किंवा नुसत्या धुळीची, त्याचा इथे फायदाच होतो. पाण्याचा हलका सडा मारून जागा सारखी करायची, कॅचरला एकच थ्रो करू द्यायचा आणि तिला बाजूला करून ठसे बघायचे. थ्रो नीट झाला असेल तर उजव्या पायाचा ठसा शरीराच्या खाली सरकून आडवा पडलेला दिसतो, प्लेटच्या पुढच्या कडेला समांतर, पायाची आतली बाजू सेकंडकडे. डाव्या पायाचा ठसा त्याच्या पुढे, चवडा सेकंडच्या दिशेने. उजवा ठसा आडवा न होता सरळच राहिला असेल तर कंबर वळलीच नाही. सगळं ओझं एकट्या हाताने ओढलं. डावा ठसा तिसऱ्या बेसकडे पडला असेल तर खांदा आधीच उघडला, हात मागे राहिला आणि चेंडू बहुधा उजवीकडे वर सुटला. दोनाऐवजी चार ठसे असतील तर तिने जोर घ्यायला जास्तीची पावलं टाकली. आणि बसण्याच्या जागी टाचा खोल रुतलेल्या असतील तर पुढचं काही बघायलाच नको: ती टाचांवर बसली होती, म्हणजे आधी उठली, मग वळली, मग फेकली. डावखुऱ्या कॅचरसाठी हे सगळं उलटं वाचायचं, एवढंच.

टाचांवरून आठवलं, बसण्याच्या बाबतीत आपल्या मुलींना शिकायला परदेशी व्हिडिओंची गरज नाही. खो-खोच्या पाटीत बसणारी मुलगी खो मिळताच कुठल्याही बाजूला झेपावू शकते, कारण तिचं वजन चवड्यांवर असतं आणि पाय आधीच दिशा धरून असतात. खो-खोचे प्रशिक्षक या बसण्याच्या पद्धतींना ‘पॅरलल टो’, ‘बुलेट टो’ अशी नावं देऊन त्या घोटून घेतात. रनर बेसवर असताना कॅचरने असंच बसावं: कंबर जरा वर, मांड्या जमिनीला जवळपास समांतर, उजवा पाय डाव्याच्या थोडा मागे, उघडा हात मिटच्या मागे आणि अंगठा मुठीत, नाहीतर फाउल टिप त्याला शोधून काढते. यातला थोडा मागे ठेवलेला उजवा पाय फार मोलाचा. वळण्याचं निम्मं काम चेंडू यायच्या आधीच झालेलं असतं, आणि त्या कामाचा वेळ कुठल्याही घड्याळात मोजला जात नाही.

पकडण्यातही एक चूक फार होते. घाईत हात पुढे ताणून चेंडू लवकर घ्यायचा, म्हणजे लवकर फेकता येईल, असं मुलींना वाटतं. उलट होतं. ताशी 80 किलोमीटरने येणारा चेंडू तेवढं अर्धा मीटर अंतर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात स्वतःच कापतो. ताणलेला हात चेंडूसकट परत कानापाशी आणायला याच्या कितीतरी पट वेळ जातो. म्हणून चेंडू येऊ द्यावा, जवळ घ्यावा. मिट आणि उघडा हात छातीच्या उजव्या अंगाला भेटावेत, आणि तोवर उजवा पाय सरकायला लागलेला असावा. पकडणं आणि फेकणं ही दोन कामं मानली की मध्ये एक थांबा तयार होतो, आणि त्या थांब्यातच रनर पोचते.

हात मात्र क्रिकेटने बिघडवलेला असतो, हे सांगायला हवं. टेनिस बॉलवर वाढलेली मुलगी थ्रो करताना हात मांडीपर्यंत खाली नेते आणि मोठा वळसा घेऊन वर आणते. शेतात मचाणावरून पाखरं हाकणाऱ्याला घाई नसते. गोफणीचे दोन-तीन वेढे घेऊन तो वेग साठवू शकतो. कॅचरला अर्धा वेढासुद्धा परवडत नाही. मिटमधून चेंडू थेट कानाजवळ यावा, कोपर खांद्याच्या उंचीला असावं, आणि तिथूनच सुटावा. त्यात चेंडूच मोठा. क्रिकेटच्या चेंडूचा घेर साडेबावीस सेंटीमीटरच्या आसपास, सॉफ्टबॉलचा साडेतीस. वजन 178 ते 198 ग्रॅम. बारा वर्षांच्या मुलीच्या दोन बोटांत तो बसत नाही. तिने तीन बोटं शिवणीवर आडवी टाकावीत, त्यात कमीपणा काही नाही. शिवण आडवी धरली की चेंडू सरळ मागे फिरत जातो आणि वाटेत बाजूला पळत नाही. मिटमध्ये डोकावून शिवण शोधायला वेळ नसतो. छातीपासून कानापर्यंतच्या प्रवासात बोटांनीच चेंडू फिरवून ती गाठावी लागते. हे रात्री घरी टीव्हीसमोर बसूनही घोटता येतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हातात जोरच नसेल तर पाय वळवून काय उपयोग? आक्षेप खरा आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. ताशी 64 किलोमीटरचा थ्रो सेकंडला पोचायला जवळजवळ दीड सेकंद घेतो, आणि पायांनी कितीही वाचवलं तरी ते भरून निघत नाही. जोराचा एक उंबरठा आहे, हे मान्य. पण तो ओलांडल्यावर जोरापेक्षा दिशा जास्त कमावते. इथे मैदानाची एक गंमत कामी येते. पिचरचं अंतर 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर, सेकंडचं अंतर 25.86. पिचर जवळपास बरोबर मध्यावर उभी असते. ताशी 80 किलोमीटरचा थ्रो बेसवर गुडघ्याखाली उतरवायचा तर मध्यावर तो जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पिचरच्या डोक्यावरून हात-दीड हात. कॅचरला यातून आयताच नेम मिळतो: सेकंडकडे न बघता पिचरच्या टोपीच्या वरची जागा धरायची. त्या थ्रोला सेकंडवर आलेल्या शॉर्टस्टॉपने ग्लव्ह फक्त खाली ठेवायचा असतो, रनर स्वतः येऊन टॅग होते. हाच थ्रो दहा किलोमीटरने वेगवान पण एक मीटर बाजूला गेला, तर ग्लव्ह बाहेर नेऊन परत आणण्यात वाचलेला वेळ गेला आणि वर थोडा उसना घ्यावा लागला. हात कमी पडत असेल तर बेसच्या चार-पाच हात अलीकडे एक टप्पा पाडावा. मुरमावर चेंडू कसा उसळेल याची खात्री नसते, पण शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून गेलेल्या थ्रोपेक्षा टप्पा बरा.

दुसरा आक्षेप गुडघ्यांवरून फेकणाऱ्यांचा. बेसबॉलमधला कॅचर बेनिटो सांतियागो सॅन दिएगो पाद्रेसकडून गुडघ्यांवर बसूनच रनर आऊट करत असे. 1987 साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदितही तोच ठरला. मग पायांची एवढी महती कशाला? गुडघ्यांवरून फेकल्यास उठण्या-वळण्याचा वेळ वाचतो, हे खरं. पण पायांचा जोर गमावूनही लागणारा सगळा वेग द्यायला त्याचा हात पुरत होता. असा हात क्वचितच कुणाला मिळतो. चौदा वर्षांच्या मुलीने त्याची नक्कल केली तर उरलेलं ओझं कोपरावर येतं, आणि कोपर ते लक्षात ठेवतं. खाली आलेला ड्रॉप बॉल अडवताना गुडघे टेकलेच असतील आणि थ्रो जवळ फर्स्टला असेल, तर गुडघ्यांवरून फेकणं समजू शकतं. सेकंडसाठी नाही.

तिसरा आक्षेप जाणकार बेसबॉलवाले घेतात: स्टील कॅचरवर होत नाही, पिचरवर होते. त्यांच्या खेळात हे बरंचसं खरं आहे, कारण रनर पिचरच्या हालचाली वाचून आधीच पुढे सरकलेला असतो. आपल्याकडे चेंडू सुटेपर्यंत रनर बेसला बांधलेली आहे. पिचरने हळू चेंजअप टाकला तर तिचाही दोष येतो, पण एरवी मोजून दोष द्यायचा झाला तर तो मिटपासून सेकंडपर्यंतच शोधावा लागतो.

यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पिचरला चेंडू परत देणं. सात इनिंगच्या सामन्यात शंभरेक वेळा कॅचर तो परत फेकते, बहुधा उभी राहून, टाचांवर, हात खालून वळवत. तो थ्रो ओळखीच्या माणसाच्या हातात पिशवी द्यावी तसा आळसावलेला असतो. ठसा बिघडवणारी सवय तिथेच पक्की होते, कारण सेकंडचा थ्रो सामन्यात चार-पाचदाच करायला मिळतो आणि हा शंभरदा. प्रत्येक वेळी जोर नको, पण उजवा पाय आडवा पडावा आणि हात कानापासून सुटावा, एवढं मागायला हरकत नाही. म्हणून कॅचर निवडायची असेल तर मुलींना रेषेवर उभं करू नये. ओल्या मातीवर बसवावं, दहा चेंडू पकडून पिचरला परत द्यायला सांगावं, आणि त्या फेकत असताना त्यांच्या हातांकडे न पाहता खाली मातीकडे पाहावं.